तळाशी दिसलेला दुसरा ठिपका

भूत, भानामती, चकवा... यातलं मी काहीच मानत नाही. मी मूळचा औरादचा. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात अंगारे-धुपारे बंद. त्यात मी इंजिनिअर, पाण्याखालच्या आवाजावर काम करणारा. तरी हे लिहितोय.

गेल्या उन्हाळ्यात हळ्ळीखेडजवळच्या धरणात आमची टेस्ट होती. पाण्यात ओळीने माइक-स्पीकर टांगायचे, आवाज सोडायचा. तो कशावर आपटून परतला की टिपायचा, उलटा करून पुन्हा सोडायचा – मग तो बरोबर त्याच वस्तूवर गोळा होतो. याला टाइम रिव्हर्सल म्हणतात. काळ उलटा फिरत नाही, फक्त आवाज.

होडी माझ्या मावसभावाची, दशरथअण्णाची. तो तिथे मासे धरायचा. तळाशी आम्ही एक लोखंडी पिंप सोडलं होतं, ते मशीनला लगेच सापडलं. पण स्क्रीनवर त्याच्यापासून दहा-बारा फुटांवर अजून एक ठिपका यायला लागला. लांबट... माणसाएवढा. मी अण्णाला बुडी मारायला लावली. तीनदा.

"काई न्हाई बे, निस्ता चिखल हाय," तो धापा टाकत म्हणाला. "तुझी मशीन येडी झाली."

आमच्या प्रोजेक्टच्या साहेबांनी तो ठिपका रिपोर्टमधून काढायला सांगितला. मी काढला.

त्यानंतर नवव्या दिवशी अण्णा अडकलेलं जाळं सोडवायला पाण्यात उतरला, तो वर आलाच नाही. लोक दोन दिवस भलतीकडेच गळ टाकत होते. शेवटी मी जुन्या फाईलमधून त्या ठिपक्याची जागा काढून दाखवली. तिथेच होता... जाळ्यात गुरफटलेला, आडवा.

गाळ, पाण्याचं तापमान, मशीनमधला दोष – नंतर सगळं तपासलं. काहीच निघालं नाही. साहेब म्हणाले, "कोइन्सिडन्स." टेस्टवरचा आमचा रिसर्च पेपर छापून आला. शेवटच्या ओळीत 'स्थानिक नावाड्याचे' आभार होते. नाव नव्हतं.

अण्णाच्या जलदानविधीला वहिनीने सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या मशीनला आदीच दिसलं व्हतं म्हणं. मंग सांगितलं कामून न्हाई, भाऊजी?"

मी समजावायला लागलो, की तेव्हा तिथे कोणी नव्हतंच, दिसणं शक्यच नव्हतं... तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आत निघून गेली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

याचं कारण माझ्याकडे आजही नाही. खाली कमेंटमध्ये कुणी 'योगायोग' असं लिहिणार असेल, तर मला सांगू नका. हळ्ळीखेडला या आणि वहिनीला सांगा.