नेव्ह प्रॉसर यांचे हात

आमच्या आणि नेव्ह प्रॉसर यांच्या शेतामध्ये एक तारेचं कुंपण आणि एक तळं, एवढंच अंतर. त्यामुळे चालायला लागले तेव्हापासून मी शर्यतीची ग्रेहाउंड कुत्री बघत आले आहे. सकाळी सहाला नेव्ह चार कुत्री घेऊन कच्च्या रस्त्यानं निघायचे, दोन डाव्या हाताला, दोन उजव्या. कुत्र्यांच्या पावलांचा आवाज यायचा नाही. नेव्हच्या बुटांचा तेवढा यायचा.

शर्यतीचं कुत्रं दोन-तीन वर्षं पळतं, मग मंदावतं. मंदावलेलं कुत्रं एके दिवशी दिसेनासं व्हायचं आणि त्याच्या जागी दुसरं यायचं. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांना विचारलं होतं, "विनी कुठं गेली?"

"शेतावर पाठवली."

सगळ्यात जवळचं शेत आमचं होतं. आमच्याकडे कधी कुठलं ग्रेहाउंड आलं नाही. तळ्यापलीकडे पेपरकॉर्नच्या झाडांखाली मात्र जमीन अधूनमधून नव्यानं उकरलेली दिसायची. मी पुन्हा विचारलं नाही.

पुढे नियम बदलले, मंदावलेल्या कुत्र्यांना घर शोधून देणं आलं, आणि नेव्हही बदलले. शेवटच्या अकरा कुत्र्यांना त्यांनी घरं मिळवून दिली, आणि ते काम शर्यतीइतक्याच निगुतीनं केलं. केनेलच्या पिंजऱ्यात वाढलेल्या कुत्र्याला काच ठाऊक नसते, पायरी ठाऊक नसते. नेव्हनी स्वयंपाकघराच्या काचेच्या दारावर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या. व्हरांड्याच्या तीन पायऱ्यांवर सॉसेजचे तुकडे ठेवून ते तासन्‌तास शेजारी बसायचे. कुत्र्यांना रात्रंदिवस रेडिओची सवय असते म्हणून घरातला रेडिओ कधी बंद व्हायचा नाही.

"शेतीच्या बातम्या कुत्र्यांना पाठ झाल्या असतील," माझी आई म्हणायची.

"तुझ्यापेक्षा नीट ऐकतात, नोएला."

सगळ्यात शेवटी डॉट उरली. काळी, छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका. नेव्हचं कंबरेचं हाड झिजलं होतं, शेत विकलं गेलं होतं, आणि महिनाअखेर त्यांना गावातल्या वृद्धांच्या वसाहतीत जायचं होतं. तिथं कुत्रं चालत नाही. किनाऱ्यावरच्या गावातल्या ग्लेनिस नावाच्या बाईंनी डॉटला पसंत केलं होतं. पण त्यांच्या शेजारी दोन्हीकडे छोटी कुत्री. डॉट परीक्षेत उतरली तरच ती त्यांना मिळणार होती.

परीक्षा साधी असते. ग्रेहाउंडला मुसकं घालून अंगणात उभं करायचं, समोरून लहानसं कुत्रं न्यायचं आणि बघायचं. एरवी दोरी धरायला कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या संस्थेचं माणूस असतं. या वेळी नेव्ह म्हणाले, "मीच धरतो. परक्या माणसाच्या हातात ती थरथरते."

सोबत म्हणून आई आणि मीही गेलो होतो. परीक्षा घेणाऱ्या इव्हॉन यांनी दार उघडलं. बटन नावाचं पांढरं, लोकरीच्या गुंड्यासारखं कुत्रं भुंकत बाहेर आलं. पुढचं सगळं दोन क्षणांत झालं. डॉटचं अंग ताठ झालं, दोरी नेव्हच्या बोटांतून सुटली आणि मुसक्यासकट ती बटनवर जाऊन आदळली. बटन केकाटलं. मुसकं होतं म्हणून वाचलं.

"पंधरा दिवसांनी अजून एकदा बघू," इव्हॉन हळू आवाजात म्हणाल्या. "पण खरं सांगू का नेव्ह, तिची नजर तुम्हीही पाहिलीत."

"पाहिली," नेव्ह म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला आणि डॉटला कायमचं निजवायला शुक्रवारी सकाळची वेळ घेतली. आईला कळलं तेव्हा ती कुंपण ओलांडून तरातरा गेली. मी तिच्यामागे.

"अजून एक संधी आहे ना रे? तुला घाई कसली?"

"माझ्यानंतर ती कुणाच्या तरी हातून जाणार. पोरांच्या देखत कुणाचं मांजर फाडलं तर? त्यापेक्षा माझ्या हातून गेलेली बरी."

"तुझ्या हातून काय कमी गेली?"

आई बोलून गेली. नेव्हनी किटली चुलीवर ठेवली. रेडिओवर गव्हाचे भाव चालले होते. डॉट मधल्या चटईवर चारी पाय पसरून झोपली होती, तिला झोपेत पळताना पाहिलं की वाटायचं कुणीतरी हाक मारून थांबवावं.

शुक्रवारी आई सकाळीच तिकडे गेली, निदान सोबत म्हणून. मीही गेले. नेव्हनी पिकअपच्या मागच्या कुत्र्यांच्या पेटीचं झाकण उघडलं. डावा हात डॉटच्या गळपट्ट्यात घातला, उजवा मागच्या मांड्यांखाली, आणि तिला उचलून आत सारलं. आत जाताच डॉट बदलली. डोकं खाली, मागचे पाय दुमडलेले, अंगभर बारीक थरथर, नजर समोरच्या पत्र्यावर. शर्यतीआधी कुत्र्यांना सुटायच्या पिंजऱ्यात याच पद्धतीनं सारतात. मग समोरचं दार वर उचललं जातं आणि कापडी ससा पळत जातो. ती दार उघडायची वाट बघत होती.

नेव्ह तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"नोएला, परवा दार उघडलं तेव्हा माझे हात कुठे होते?"

आईला आठवेना. मला आठवत होतं. इव्हॉन कडी काढत होत्या तेव्हा नेव्ह वाकले होते. डावा हात गळपट्ट्यात, उजवा मांड्यांखाली. धीर देत असतील असं मला वाटलं होतं. मी तसं सांगितलं.

नेव्ह पिकअपच्या कडेला टेकले.

"मीच पळ म्हटलं तिला," ते म्हणाले. "आणि ती पळाली."

"मग सुटला ना प्रश्न! फोन कर त्या डॉक्टरला," आई म्हणाली.

"शर्यती चालू होत्या तेव्हाही कधीकधी कुणी विचारायचं, नेव्ह, एखादं कुत्रं दे घरी पाळायला. मी आमच्या बायकोच्या, जोनच्या, छोट्या टेरियर कुत्र्यासमोर उभं करून बघायचो. झेप घेतली की म्हणायचो, हे घरात नाही राहायचं." त्यांनी तळ्याकडे पाहिलं. "प्रत्येकाला मीच धरायचो गं, असाच."

आईनं पेटीत वाकून डॉटला बाहेर घेतलं, बेडौलपणे, दोन्ही हातांनी पोटाशी धरून, शेळीचं करडू उचलावं तसं. डॉटनं आश्चर्यानं तिच्याकडे पाहिलं.

नेव्हनी इव्हॉनना फोन केला तो माझ्यासमोरच. "चूक कुत्रीची नाही, माझी आहे," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. "हो, सगळे असंच म्हणतात, ठाऊक आहे मला. पण मी काय केलं ते सांगतो, मग ठरवा." आणि त्यांनी सांगितलं. तळ्यापलीकडचंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या परीक्षेला दोरी आईच्या हातात होती. नेव्ह आत आलेच नाहीत. पिकअपमध्ये अंगणाकडे पाठ करून बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी शेजारी होते. कडी वाजली. बटन भुंकायला लागलं. भुंकतच राहिलं. मग भुंकणं एकदम थांबलं आणि नेव्हनी डोळे मिटले.

आई आली ती धापा टाकत. "अरे, हिनं बघितलं त्याच्याकडे, जांभई दिली, आणि माझ्या पायाला टेकून उभी राहिली! काय वजन आहे हिचं. पडले असते मी."

नेव्हनी हात बाहेर काढले. बोटं पांढरी पडली होती.

रविवारी ग्लेनिस न्यायला आल्या. नेव्हनी त्यांना सगळं नीट समजावलं, काचेवर चिकटपट्ट्या, रेडिओ, रात्री दिवा. डॉट ग्लेनिसच्या गुडघ्याला टेकून उभी होती. नेव्हचे हात कोटाच्या खिशात होते.

"काढ रे हात," आई म्हणाली. "चावत नाही ती."

"तिची नाही भीती मला," नेव्ह म्हणाले.

ग्लेनिसनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि डॉटला उचलायला वाकल्या.

"नको," नेव्ह म्हणाले. "तिला कुणी उचलू नका. तिची ती चढेल."

डॉट आयुष्यात कधी आपणहून गाडीत चढली नव्हती. तिनं आत घातलेली गोधडी हुंगली. मागे वळून नेव्हकडे पाहिलं. ते हलले नाहीत. उन्हं पेपरकॉर्नच्या झाडांवरून तळ्यावर आली, ग्लेनिसनी दोनदा घड्याळ पाहिलं, आई या पायावरून त्या पायावर झाली. आम्ही चौघं उभे होतो. मग डॉटनं एक पाय वर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. दुसरा ठेवला. आणि कुणाचाही हात न लागता ती आत गेली.