खाली नाव कुणाचं?

पत्र पुढ्यात ठेवलं की सुमनमावशी ते आधी खालून वाचायची. चष्मा कपाळावरून नाकावर आला की नजर थेट सहीवर. "आधी बघू दे कोण बोलतंय," म्हणायची, "मग बघू काय बोलतंय." खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेली ही गावातली पहिली बाई. आवाज असा खणखणीत, की ओसरीवर बोलली तरी विहाराच्या पायरीवर बसलेल्यांना ऐकू जायचं. माझ्या नात्याची नव्हे, पण अख्ख्या गावाची मावशी.

मी तिच्याकडे गेलो तो खाणीपायी. गावामागच्या दगडखाणीत रोज दुपारी सुरुंग लागायचे. आधी भोंगा व्हायचा, मग जमीन हादरायची. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मागच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली होती, आणि त्याच भिंतीला टेकून तिसरीचा वर्ग बसायचा. माझी चिमी त्या वर्गात. मी खोपोलीला कारखान्यात. भोंग्याची वेळ झाली की मशीनवर हात चालायचे, पण घरून फोन येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा.

डोकं माझं जात्याच तापट. एक दिवस बसलो आणि पत्र हाणलं. पाकिटावर तहसीलदारसाहेबांचं नाव, आत सरपंचांच्या सांगण्यावरून 'आदरणीय, कार्यतत्पर, गोरगरिबांचे कैवारी' अशी माळ, त्याखाली शिव्या सोडून सगळं, आणि शेवटी 'आपले नम्र, समस्त ग्रामस्थ'. महिना गेला तरी हूं नाही की चूं नाही. तेव्हा प्रत घेऊन मावशीची ओसरी गाठली.

तिनं खालून वाचलं आणि कपाळाला हात लावला. "समस्त ग्रामस्थ! ह्या नावाचा माणूस मी उभ्या नोकरीत पायला नाय रं. साहेब चौकशीला बोलवील कुणाला?" मग नजर वर गेली. "आणि हे साहेबाचं नाव कशापायी? त्याची बदली झाली की. तुझं पाकीट गेलं असंल त्याच्या मागं हिंडत. खुर्चीला लिवावं, बाबा. माणूस जातो, खुर्ची हाय तिथंच ऱ्हाते."

"बरं, कैवारी तरी राहू दे. सरपंच म्हणाले—"

"आरती लिवतोस का? एकदा 'माननीय', एकदा 'महोदय'. एवढा मान पुरतो. फार ओवाळलंस ना, तर मागायला तोंड ऱ्हात नाय."

मग तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. प्रति, माननीय तहसीलदार, तहसील कार्यालय, खालापूर. विषय एका ओळीत: शाळेच्या भिंतीला धोका असल्याने सुरुंग तात्काळ थांबवणेबाबत. तळाशी शिक्षण खात्याला आणि पोलीस ठाण्याला प्रत. मी सवयीनं 'आपला आज्ञाधारक' लिहायला गेलो तर पेन धरलं माझं. "शाळा सुटून किती वर्षं झाली तुला? 'आपला विश्वासू' लिव. आणि सह्या उद्या सगळ्यांच्या, पूर्ण नावानिशी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात गाव जमलं. फाटकाबाहेर खाणीची जीप येऊन उभी राहिली आणि मुकादम बॉनेटला टेकून एकेक तोंड बघू लागला. अर्ध्या गावाची चूल खाणीवर. पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. पेन पहिल्या रांगेतून निघालं आणि या हातातून त्या हातात फिरत राहिलं. "मी मागून करतो." "घरी विचारून सांगतो." कागद कोरा तो कोराच. माझं डोकं सणकलं होतं, तोंड उघडणार तोच मावशीनं पेन ओढून घेतलं.

तिचा विलास खाणीवरच डंपर चालवायचा. तो जीपजवळून धावत आला. "आये, नको गं. माझी नोकरी जाईल."

"ठावं हाय मला."

"मग?"

"पत्राला दोन टोकं असतात, विलास. वर खुर्ची, खाली माणूस. वरचं मी लिवून दिलं, आता खालचं मोकळं सोडू?" एवढं बोलली आणि कागद मांडीवर ओढला. अक्षर न् अक्षर कोरून लिहिलं: श्रीमती सुमन नामदेव गायकवाड. शेजारी फोन नंबर. तिच्याखाली मी सही केली, मग शाळेच्या बाईंनी, मग एकेक करून बाकीचे आले. विलास तोवर निघून गेला होता.

सकाळी मुकादमानं त्याच्याकडून डंपरची चावी काढून घेतली. तो बायकोपोरांना घेऊन कर्जतला गेला, कुणाचा तरी टेंपो चालवू लागला आणि आईशी बोलेनासा झाला. मावशीनं कधी तक्रार केली नाही. पण रस्त्यानं टेंपो गेला की बोलता बोलता थांबायची, आणि तो पुढं निघून गेला की विचारायची, "काय म्हणत होतास?" भिंत माझ्या लेकीच्या पाठीशी, आणि लेक दुरावला तिचा.

आठवड्याभरात नव्या तहसीलदारबाईंचा फोन आला, पहिल्या सहीच्या नंबरवर. दुसऱ्या दिवशी त्या कुणाला न सांगता शाळेत हजर. मी रजा टाकली होती. त्या भेगेत बोट घालून बघत होत्या, तेवढ्यात भोंगा झाला. शाळेच्या बाईंनी पोरं भराभर पटांगणात काढली, मावशीनं साहेबबाईंना दंडाला धरून दाराबाहेर ओढलं. आणि दणका बसला. भिंतीचा भलामोठा पोपडा सुटला तो थेट चिमीच्या दप्तरावर. चिमी माझ्या कमरेला मिठी मारून होती. सुरुंग बंदचा हुकूम त्याच संध्याकाळी निघाला.

मावशी गेल्या थंडीत गेली. विलास आला, सगळं रीतसर केलं, पण कुणाशी शब्द बोलला नाही. पुण्यानुमोदनाला विहारात सगळा गाव होता, म्हणून शाळेच्या नव्या खोलीचं पत्र मी तिथंच सहीला फिरवलं. आता कुणी मागं सरत नव्हतं. कागद विलासकडे गेला. त्यानं तो खालून वाचायला घेतला. मी बघतच राहिलो.

"ही पयली जागा मोकळी का रं?" त्यानं विचारलं.

"प्रत्येक पत्रावर तिथं तुझी आई सही करायची," मी म्हणालो. "कुणाचा हात धजला नाही."

मग खिशातलं पेन काढून त्यानं त्या मोकळ्या जागेत सावकाश लिहिलं: विलास सुमन गायकवाड. शेजारी फोन नंबर टाकला आणि कागद पुढच्या माणसाकडे दिला.