मुळे मॅडमची गटांगळ्यांची बॅच

एका पातळ भिंतीच्या अलीकडे बारा वर्षं काढली की माणसाकडे किस्से आपोआप साठतात. नारायण पेठेतल्या आमच्या क्लासमध्ये मी बारावीला केमिस्ट्री शिकवतो आणि शेजारच्या खोलीत मुळे मॅडम फिजिक्स. मधली भिंत प्लायवूडची. माझी मुलं पेपर सोडवत असली की पलीकडचं सगळं ऐकू येतं. खरं सांगायचं तर मी मुलांना जरा जास्तच वेळा पेपर सोडवायला लावतो.

मॅडम कॉलेजातून रिटायर होऊन आमच्याकडे आल्या, पण हुशार मुलांची बॅच त्यांनी घेतलीच नाही. ‘ती माझ्याशिवायही पास होतील’ म्हणाल्या आणि फिजिक्समध्ये गटांगळ्या खाणारी वीस-बावीस मुलं दरवर्षी मागून घेऊ लागल्या.

*

पहिल्याच वर्षी, पहिल्याच आठवड्यात एका मुलाचे वडील भेटायला आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मुलाची वही. त्यांची तक्रार अशी, की अख्ख्या तासात बाईंनी एकच गणित घेतलं आणि त्यातला अर्धा वेळ ते नुसतं वाचायला लावलं. दिलंय काय, विचारलंय काय, चित्र काढा, बाण दाखवा. तोवर फॉर्म्युला लिहायला बंदी. आधीच्या क्लासमध्ये म्हणे तासाला पंधरा गणितं व्हायची.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग वहीची मागची पानं उलटली. तिथे ती पंधरा-पंधरा गणितं होतीच, फळ्यावरून सुवाच्य अक्षरात उतरवलेली.

“यातलं कुठलंही एक त्याला आत्ता सोडवायला सांगू या का आपण?”

वडिलांनी वही मिटली. मुलगा वर्षभर आला.

*

अथर्व नावाचा एक मुलगा होता. पेपर हातात पडला की तो एकच वाक्य म्हणायचा, ‘सिली मिस्टेक झाली.’ मॅडमनी त्याला एक छोटी वही आणायला लावली. चूक झाली की ती तिथे लिहायची आणि समोर कारण. महिन्याभराने वही तपासली, तर कारणाच्या रकान्यात अकरा वेळा ‘सिली मिस्टेक’.

“अकरा वेळा होते ती सिली नसते, अथर्व. ती सवय असते.”

मग दोघांनी बसून त्या अकरा चुका पुन्हा चाळल्या. नऊ ठिकाणी अधिक-उण्याचं चिन्ह चुकलं होतं, कारण दिशा न ठरवताच तो आकडे घालायला धावत होता. त्या दिवसापासून अथर्व आधी बाण काढू लागला. त्याच्या चित्रांत बाण इतके वाढले, की माझ्या केमिस्ट्रीच्या वहीतही तो रेणूंना दिशा दाखवू लागला.

*

तन्वी कसबा पेठेतून चालत यायची. मेहनती मुलगी, धडा पाच-पाच वेळा वाचणारी. तिच्या पुस्तकात पिवळा, गुलाबी, हिरवा असे हायलायटर इतके फिरले होते, की कोरी ओळ शोधावी लागे. तरी मार्क सत्तरपैकी अठराच.

मॅडमनी पुस्तक हातात घेऊन मनापासून पाहिलं. “छान रंगवलंयस. आता मिटव आणि आठवेल ते लिही.”

तन्वीला चार ओळी आठवल्या. तिला रडूच फुटलं. मॅडमनी त्या चार ओळींवर तारीख घातली आणि कागद तिच्याचकडे दिला. दुसऱ्या दिवशी तोच धडा, कोरा कागद, अकरा ओळी. आठवड्याने पुन्हा लिहायला सांगितलं तेव्हा दीड पान झालं. वाचायचं एकदा, आठवायचं तीनदा, हा नियम तन्वीनेच मग सगळ्या बॅचला सांगितला. हायलायटर तिने धाकट्या भावाला देऊन टाकले.

*

वर्तुळाकार गती चालू होती. फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते असं आपल्याला का वाटतं, हे मॅडम सांगत होत्या. एका मुलाने विचारलं, मग चहा ढवळल्यावर पत्ती कडेला जायला हवी, ती मधोमध का जमते?

पलीकडून मॅडमचा आवाज आला, “मला आत्ता सांगता येणार नाही. उद्या सांगते.”

त्या दुपारी स्टाफरूममध्ये मॅडमनी न गाळलेला चहा मागवला आणि काचेच्या ग्लासात ढवळत बसल्या. मलाही ढवळायला लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर आधी आपली दोन चुकीची उत्तरं लिहिली, ती का चुकली ते लिहिलं आणि मग बरोबर उत्तर सांगितलं. चुकीचं कशाला लिहिलंत, असं कुणीतरी विचारलं.

“बरोबर उत्तर तुम्हाला पुस्तकात मिळेल. तिथवर जाताना पाय कुठे घसरतो, ते पुस्तकात नसतं.”

*

ऋतुजा लोणी काळभोरहून बसने यायची. वडील शेतकरी. कॉलेजच्या पहिल्या परीक्षेत तिला सत्तरपैकी नऊ मार्क पडले होते आणि सायन्स सोडून द्यायचं तिने ठरवत आणलं होतं. वर्गात एक शब्द बोलायची नाही. मॅडमनी शेजारी बसून ‘कुठपर्यंत समजलं, ते आधी सांग’ असं खोदून विचारल्यावर म्हणाली, इथे सगळं समजतं, घरी गेल्यावर काहीच येत नाही. मॅडम म्हणाल्या, घरी कुणाला तरी शिकव.

तिने वडिलांना शिकवलं. ते म्हशींचं वैरणपाणी करत होते आणि ही गोठ्याबाहेर उभी राहून सांगत होती. वडिलांनी बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, “ते समदं खरं हाय. पर बादली गरागरा फिरवली, तर पानी अंगावर का पडत न्हाय, ते सांग की.”

तिला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली ती प्रश्न घेऊनच. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिने हात वर केला. मॅडम इतक्या खूश झाल्या, की म्हणाल्या, “वडिलांना माझा नमस्कार सांग. आणि रोज त्यांना शिकव.”

ऋतुजाचं पुढे काय झालं, हे ऐकणारे सगळे विचारतात. बोर्डात फिजिक्सला चांगले मार्क मिळाले. आज ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

*

ऋतुजाच्या बारावीच्याच वर्षीची गोष्ट. बोर्डाचा पेपर महिन्यावर आला आणि मॅडमच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. दोन आठवडे त्यांना येता येणार नव्हतं आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा राहिला होता. बॅच घाबरली. मीही घाबरलो, कारण त्या धड्यात मला स्वतःला फारसं कळत नाही. मुलांनी उजळणीचे धडे आपसांत वाटून घेतले आणि हा राहिलेला, सगळ्यात अवघड धडा ऋतुजाने मागून घेतला.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत डोकावलो. ऋतुजा फळ्यापाशी होती, हातात लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं. आणि शेवटच्या बाकावर, डोळ्यांना काळा चष्मा लावून, मुळे मॅडम. सुनेचा हात धरून जिना चढून आल्या होत्या. फळा त्यांना दिसत नव्हता, नुसतं ऐकत होत्या.

ऋतुजाने पाच-सात मिनिटं सांगितलं. लोहचुंबक जवळ नेला की वेटोळं त्याला विरोध करतं, दूर नेला तरी विरोधच करतं. मॅडमनी हात वर केला.

“मला नाही समजलं. परत सांग.”

ऋतुजाने खडू खाली ठेवला, बाकांमधून चालत शेवटपर्यंत गेली आणि मॅडमच्या शेजारी बसली. त्यांच्या एका हातात लोहचुंबक दिला, दुसऱ्या हातात वेटोळं.

“मॅडम,” ती म्हणाली, “तुम्हाला कुठपर्यंत समजलं, ते आधी सांगा.”