श्रीपतरावांचं बोलकं बुजगावणं

हळ्ळीखेडात श्रीपतरावांच्या घरी पहिल्यांदा गेलेला माणूस निदान एकदा तरी दचकतोच. जेवायला म्हणून पाटावर बसावं, तर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा गरकन फिरतो. ते घड्याळ वेळ सांगत नाही, पाटावर बसणाऱ्याचं वजन सांगतं. थोरले व्याही पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा काटा एकशे चार किलोवर जाऊन थांबला, तोही सगळ्या मंडळींदेखत आणि पहिला घास तोंडात जायच्या आत. तेव्हापासून व्याही आले की ओसरीवरच चहा घेतात आणि लगबगीनं निघतात. दूध उतू जायला लागलं की चुलीमागनं लॉरीचा हॉर्न वाजतो. त्यानं दूध वाचतं, पण दचकून हातातली कपबशी फुटते. खाटेवरनं पाय खाली टेकला की दिवा लागतो, आणि मांजर उतरलं तरी लागतो.

हे सगळं हुमनाबादेचं देणं. तरुणपणी श्रीपतराव आठ वर्षं तिथं हायवेवर, लॉऱ्यांच्या बॉड्या बांधायच्या शेडमध्ये कामाला होते. तिथं वेल्डिंग शिकले, वायरिंग शिकले आणि एक खोड घेऊन आले. कुठलीही वस्तू गप बसलेली त्यांना बघवत नाही. वडील गेल्यावर सात एकर शेती करायला गावी परतले, पण हाताची खाज काही गेली नाही. भंगाराच्या दुकानावरनं जाताना त्यांची चाल अशी मंदावते, की माहेरची गल्ली लागलेल्या लेकीचीही मंदावणार नाही.

आणि दुसरी खोड म्हणजे, आपलं चुकलं असं हा माणूस कधी म्हणत नाही. हॉर्नच्या ठिणगीनं चुलीमागची रद्दी पेटली, तेव्हा बायको नागूबाई पाण्याची घागर घेऊन धावली आणि हे बाजूला उभं राहून म्हणाले, "सुधारणा चालू हाय." तीस वर्षांच्या संसारात तिनं हे दोन शब्द इतक्यांदा ऐकले, की पुढं पुढं ती ते त्यांच्या आधीच म्हणायला लागली. एवढं मात्र तिनं बजावून ठेवलं होतं, "ह्या घरात साधी वस्तू म्हणून मीच तेवढी राहिलेव. मला तेवढं हात लावू नका." श्रीपतरावांनी मान डोलावली. ती मान तशी रोजच डोलायची.

औंदा तुरीत आणि हरभऱ्यात रानडुकरं शिरायला लागली. साधं बुजगावणं उभं केलं तर डुकरांनी त्याला अंग घासून आडवं पाडलं. श्रीपतरावांनी बाह्या सरसावल्या. जुन्या लॉरीचं वायपर फिरवायचं यंत्र आणलं, भाजीच्या गाड्यावर असतो तसला भोंगा आणला, आणि जिन्यात माणूस आला की आपोआप दिवा लागतो ना, तसला डोळा आणून बसवला. आता धुऱ्यावरनं, म्हणजे शेताच्या बांधावरनं, काहीही हाललं, की बुजगावणं हात वर करणार आणि बोलणार. पण बोलणार काय? स्वतःचा आवाज भरून बघितला. तो ऐकून शेजारचं कुत्रं शेपूट हालवत जवळ आलं.

एवढ्यात एका सकाळी अंगणात वाळत घातलेल्या ज्वारीत शेजारची शेळी शिरली, आणि नागूबाई परसातनं कडाडली, "निघ म्हणते ना! रोज रोज तोंड घालायला लाज वाटत न्हाई? फुकटचं गिळायला बरं सापडलंय!" शेळी तर पळालीच, ओसरीवर बसलेला पोस्टमनसुद्धा उठून उभा राहिला. श्रीपतरावांना हवं ते सापडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दावं सोडून शेळी आत आणली, खांबाआड फोन धरला आणि बायकोचा आवाज भरून घेतला. वरनं तिचं जुनं हिरवं लुगडं बुजगावण्याला नेसवलं. महिनाभर डुकरं फिरकली नाहीत. श्रीपतराव मिशीला पीळ देत हिंडायला लागले. घरात मात्र हे कुणालाच सांगितलं नाही. सांगायची हिंमत नव्हती, हे खरं.

त्यांच्या शेताला लागून तिप्पण्णाचं शेत. सत्तरीचा माणूस, बायको जाऊन पाच वर्षं झालेली, पोरं बंगळुरात. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवशीला, इकडं अख्खं गाव रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, करायची, आत पाच दगड मांडून पूजा करायची, मग आंबील, सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे खायचे. त्या दिवशी धुऱ्यावरनं जाणाऱ्याला, मग तो अनोळखी का असेना, हाताला धरून जेवायला बसवायचं. शेतातनं कुणी उपाशी गेला तर मालकाला वर्षभर चुटपूट लागते. नागूबाईच्या शेतात आंबिलीचा पहिला वाडगा वीस वर्षांपासून तिप्पण्णाचा. तो तिला अक्का म्हणायचा, आणि बायको गेल्यापासून तर सणाचं जेवण त्याला तेवढंच.

येळवस आठ दिवसांवर आली तशी नागूबाई त्याला सांगायला गेली. तिप्पण्णा खाटेवरनं उठलाही नाही. म्हणाला, "अक्का, फुकटचं गिळायला मी न्हाई येत. तुमच्याच तोंडानं ऐकलंव."

नागूबाईला काही कळेना. खोदून खोदून विचारलं तेव्हा तो बोलला. सकाळच्या धुक्यात धुऱ्यावरनं जाताना हिरव्या लुगड्यातल्या अक्कानं हात उगारून त्याला हाकललं होतं. डोळ्यांना कमी दिसतं, पण कान शाबूत आहेत. तो हात जोडून मागं फिरला होता आणि तेव्हापासून एक कोसाचा वळसा घालून शेतात जात होता.

नागूबाई तशीच तडक रानात गेली. धुऱ्यावर पाय ठेवला, आणि तिच्याच लुगड्यातल्या बाहुलीनं तिच्याच आवाजात तिला हाकललं.

घरी येऊन ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "माझ्या तोंडानं तुमी माणसं हाकलायलाव, आणि येळवशीला त्याच शेतात मी कुणाला कोणत्या तोंडानं जेवा म्हणू? मी येत न्हाई. आंबील बी येत न्हाई."

श्रीपतरावांच्या तोंडून निघालं, "सुधारणा चा—" आणि सून ज्योतीनं पदर तोंडाला लावून आत धाव घेतली. त्या दिवसापासून नागूबाईनं नवऱ्याशी बोलणं सोडलं. जे काय सांगायचं ते ज्योतीमार्फत. आंबिलीचं मडकं घरच्या लक्ष्मीच्या डोक्यावरनंच रानात येतं, ही रीत. ती आली नाही तर पूजा कसली आणि सण कसला. शिवाय धुऱ्याधुऱ्यावरनं लोक बघणार, श्रीपतरावांच्या कोपीत बाई नाही.

ते तिप्पण्णाकडं गेले. समजावून सांगितलं की ते बोल शेळीला होते.

"म्हंजे मी शेळी?" तिप्पण्णा म्हणाला.

"न्हाई ओ. ते यंत्र बोलतंय."

"आवाज अक्काचा हाय का न्हाई?"

"हाय."

"मग झालं तर," असं म्हणून त्यानं दार लावून घेतलं.

परत येऊन त्यांनी ज्योतीला मध्ये घातलं, पण आतनं सासूचं उत्तर आलं ते ज्योतीनं सासऱ्याला जसंच्या तसं सांगितलं, "मामा, आत्या म्हणायल्यात, जिथं नाव घालवलं तिथंच निस्तरा. आणि सुधारणा नकोय म्हणायल्यात."

दोन दिवस श्रीपतराव रानात जाऊन नुसते बसले. तिसऱ्या दिवशी बुजगावण्याचं लुगडं उतरवलं, धुवून, घडी घालून घरी पाठवलं. त्याला आपलं धोतर नेसवलं, आपली टोपी घातली. मग फोन तोंडापुढं धरला. वेल्डिंगचा चटका हसत सोसणारा गडी, पण एक शब्द काही तोंडून निघेना. अकरा वेळा भरलं आणि दहा वेळा पुसलं. अकराव्या वेळी आवाज चिरकला, पण शब्द निघाला. तो तसाच भोंग्यात घातला. त्या रात्री डुकरांनी हरभऱ्याचा एक कोपरा साफ केला, कारण माफी मागणाऱ्याला डुकरं कशाला भितील. श्रीपतरावांनी ते बघितलं आणि भोंग्याला हात लावला नाही. मग माणूस धाडून तिप्पण्णाला निरोप दिला, तुमच्या धुऱ्याला रानडुकरं आलीत, एकदा येऊन बघून जा. तेवढं खोटं नव्हतं.

येळवशीच्या सकाळी ज्योती भज्जीची आणि उंड्यांची टोपली ठेवून गेली. तिलाही बघून बुजगावणं बोललं. ती खाली मान घालून, गालात हसत घराकडं पळाली. श्रीपतराव एकटेच कोपीपुढं बसले. पाच दगडांना चुना लावून झाला होता, पण मडक्याची जागा रिकामी होती.

तिप्पण्णा काठी टेकत आपलं रान बघायला आला. धुऱ्यावर पाय पडताच टोपीवाल्यानं हात वर केला आणि चिरक्या आवाजात बोलायला लागला, "तिप्पण्णा, मी श्रीपत बोलायलाव. माझ्या बायकोनं तुमाला एक वावगा शब्द बोललेला न्हाई. तिचा आवाज मी चोरला. माझं चुकलं. नागू, तुला बी सांगतो, माझं चुकलं. जेवाया या."

तिप्पण्णा काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. बुजगावण्याकडं बघितलं, मग कोपीकडं बघितलं. मग आत येऊन मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आंबील कुठाय?"

"तुमची अक्का आणल तर."

उन्हं वर आली. भोवतालच्या रानांतनं लोकांच्या हाका यायला लागल्या, जेवणं सुरू झाली. श्रीपतरावांची नजर गाडीवाटेवरनं हलेना. डोळे भरून आले ते त्यांनी बाहीनं पुसले, आणि तिप्पण्णानं ते दिसलं नाही असं दाखवलं.

मग वाटेवर हिरवं लुगडं दिसलं. घडी मोडून नेसलेलं, तेच. डोक्यावर घोंगडीत गुंडाळलेलं मडकं, एक हात मडक्याला. नागूबाई धुऱ्यावर आली तसा टोपीवाल्यानं हात वर केला. ती थांबली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं. "जेवाया या" झालं, तरी ती आत आली नाही. उलट वळली आणि मागं चालायला लागली. श्रीपतराव धडपडत उठले.

चार पावलांवर नागूबाई थांबली. मडकं सांभाळत परत वळली आणि पुन्हा धुऱ्यावर आली. टोपीवाल्यानं हात वर केला. "माझं चुकलं. नागू, तुला बी सांगतो, माझं चुकलं." ती ऐकत उभी राहिली. मग पुन्हा चार पावलं मागं.

तिसऱ्या खेपेला तिप्पण्णानं कोपीतनं हाक दिली, "अक्का, आता पुरे की. भूक लागलीय."

"थांबा अण्णा," ती म्हणाली, "तीस वर्षांचं राहिलंय." आणि पुन्हा मागं सरकली.