भोक पाडलेले कॅन

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बकाराम शिपाई आहे. बेडूक-मासे ज्यात ठेवतात ते फॉर्मालिन कॅनमधून येतं. कॅन रिकामा झाला की बकाराम सळई तापवून त्याच्या बुडाला भोक पाडतो. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मी तिथली लॅब असिस्टंट. मला त्या चेहऱ्याचा संताप येतो. अरे बाबा, एकदा रड तरी!

पूर्वी कोणी भोकं पाडत नव्हतं. जाड प्लास्टिक, घट्ट झाकण, असा कॅन फेकवतो कोणाच्यानं? रिकामे कॅन फोडायचा नियम भिंतीवर आणि कॅन घरोघरी. बकारामनं एक आपल्या मोठ्या बहिणीला, सुलोचनाबाईला, नवेगाव-बांध या तिच्या गावी पोचवला होता.

मग मागच्या वर्षी धानाच्या रोवणीला त्यानं एक स्वतःच्या घरी नेला. धुवायचा राहिला, तळाशी फॉर्मालिन होतं. त्याच्या बायकोचं, रुख्माचं, नाक सर्दीनं चोंदलेलं. तिनं तळाशी पाणीच आहे समजून वरून माठातलं ओतलं आणि कॅन धानाच्या बांधीवर, शेतात, नेला. दोन घोटांत घसा जळाला. आता ती पेजेवर आहे, आवाज गेलाय. नातेवाइकांत 'घशाची बिमारी' सांगितलं. खरं त्यानं फक्त मला सांगितलं.

"बहिणीचा कॅन परत आण. तो तरी नीट धुतला होतास का?" मी विचारलं होतं.

"आठवत नाही, मॅडम. आनतो."

आणला नाही. आणायचा तर खरं सांगावं लागलं असतं.

परवा सुलोचनाबाईच प्रयोगशाळेच्या दारात उभी. "बकाराम, अजून एक कॅन दे न. रोवणीले एक पुरत नाही."

बकारामनं हातातली सळई समोरच्या कॅनमध्ये खुपसली.

"काऊन रे? फोडशील, पन बहिणीले देनार नाही?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच बोलला, धानाचा भाव सांगावा तसा. "रुख्माचा घसा बिमारीनं नाही गेला, बाई. असाच कॅन मी घरी नेलो होतो. त्यात औषध होतं."

सुलोचनाबाई ओरडलीच. "साल झाला, बकाराम! आमचे पोट्टे त्याच कॅनातलं पानी पेऊन राहिले!"

तिनं घरी फोन लावला. "कॅनातलं पानी ओतून टाका!" पलीकडून कोणीतरी "कायले?" विचारलं. तिनं फोन भावासमोर धरला.

"तूच सांग."

बकारामनं सळई खाली ठेवली. "मी बकाराम बोलतो," म्हणाला, आणि तोंडावर हात दाबून हमसाहमशी रडायला लागला.