बोटीवरचा कापूस

नार्वे गावच्या सगुणाला फुशारकी भारी. मुरगावच्या एका यार्डात तो बोटींच्या इंजिनखोलीतल्या तापलेल्या नळांना ॲस्बेस्टॉस गुंडाळायचा. गोवा राज्य झालं त्या वर्षी गणेश चवथीला त्यानं तेच पांढरं पोतंभर घरी आणलं. "वात पडली तरी पेटायचा नाही. बोटीवरचा कापूस आहे!" बायकोनं, सुमंगलानं, दोन दिवस बसून तो हातानं पिंजला. गणपतीमागं असा कैलास उभा राहिला की सगळा वाडा बघायला लोटला! मग काय, दर चवथीला तोच कैलास. सात वर्षं.

आठव्या वर्षी यार्डात साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, या धुळीनं कॅन्सर होतो, वीस-तीस वर्षांनीही होतो. सगुणानं घरी येऊन पोतं गुपचूप पुरलं. "उंदरांनी खराब केला," म्हणाला. देवापाठी विष मांडलं हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मेल्यानं तेव्हा तोंड उघडलं असतं तर!

बावीस वर्षांनी सुमंगलाला धाप लागू लागली. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर आहे. ॲस्बेस्टॉसशी कधी संबंध आला होता?

"माझा कसला संबंध? मी घरातली बाई," ती म्हणाली.

"जवळच्या पाळी गावच्या खाणींची धूळ येते आमच्याकडे," सगुण घाईघाईनं बोलला. बोलला आणि त्याला स्वतःची शिसारी आली. बायको मरणाच्या दारात, आणि हा अजून आपली अब्रू झाकतोय!

घरी आल्यावर तिच्यापुढं पेजेचा वाडगा ठेवून तो खालीच बसला. "सुमंगला, तो चवथीचा कापूस... त्यानंच हे झालं. मला ठाऊक होतं गो. बावीस वर्षं ठाऊक होतं."

तिनं वाडगा बाजूला सारला.

"शिव्या घाल, पण बोल!"

"माझं जाऊ दे," ती म्हणाली. "सिद्धी माझ्या मांडीवर बसून पिंजायची तो. चार वर्षांची होती. तिला सांगितलंत?"

सगुण ताडकन उठला. पेडण्याला दिलेली ही एकुलती एक लेक, आणि त्या धुळीत तीही होती हे इतक्या वर्षांत त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. थू त्याच्या बापपणावर!

त्यानं फोन लावला.

"बाबा, आईचं काय झालं?" सिद्धीनं घाबरून विचारलं.

"आईचं मागाहून सांगतो," तो म्हणाला. "आधी मी तुझं काय केलंय ते ऐक."