न सारवलेली भिंत

यवतमाळहून महागावला आता आर्णीवरून आरामात जाता येतं. साठच्या दशकात मात्र एसटीत धुरळा खात जायचं आणि पुढे बंजाऱ्यांच्या तांड्यापर्यंत सायकल हाणायची. हिवतापाच्या कामात डास गोळा करणं ही माझी नोकरी. दिवाळीनंतरच्या त्या फेरीला घाईनं निघालो, कारण घराघरांत डीडीटीची फवारणी होऊनही तांड्यात ताप सुरू असल्याची चिठ्ठी आली होती.

अशा वेळी आमचं उत्तर ठरलेलं असे: बायका दिवाळीला भिंती सारवतात, डीडीटी मातीखाली जातं. आदल्या वर्षी मीच तांड्यातल्या जमनीबाईला त्यावरून झापलं होतं.

सकाळीच तिच्या घरी गेलो. तिला सातवा महिना होता. मागचं मूल तापापायी पोटातच गेलं होतं. साऱ्या तांड्यात तिची एकटीची भिंत सारवलेली नव्हती. डीडीटीची पांढरी पूड तशीच, आणि तिच्यावर डास निवांत बसलेले. मी घाबरलो.

डास नळीने ओढले, आतून डीडीटी माखलेला कागद लावलेल्या डबीत तासभर ठेवले, मग साध्या डबीत. किती मरतात, ते दुसऱ्या दिवशी कळणार. तांड्याच्या नायकाकडे ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. तिकडे गेलात तर जरूर खा.

सकाळी डबीतले बहुतेक डास उडत होते. पहिल्या वर्षी याच चाचणीत इथले सगळे मेले होते.

एकही डास काही शिकला नव्हता. औषध पचवणारं जनुक आधी एखाद्या डासातच असणार. बाकीचे आम्ही मारले, त्याचीच पिल्लं उरली, आणि दर पिढीत ते जनुक वाढत गेलं. ही निवड आमच्याच पंपांनी केली होती.

जमनीबाईनं विचारलं, "भाऊ, तुमी म्हनलं म्हनून भित सारवली नाई. मंग मच्छर काहून मरून नाई राह्यले?"

"चूक तुमची नाही, ताई. औषधच चालेनासं झालंय."

"मंग मी आता कुठं निजू?"

मी हिवतापाच्या गोळ्या दिल्या.

घरी आल्यावर अहवालात खरं ते लिहिलं. लग्नात मिळालेली मच्छरदाणी एसटीच्या कंडक्टरच्या हाती तिला पाठवली. आणि पुढच्या फेरीला महागावऐवजी नेरचा भाग मागून घेतला. तिचं काय झालं, हे विचारायची हिंमत मला कधीच झाली नाही.